फॉस्फेट रिअ‍ॅक्टरचा प्रवाह दोनेक आठवड्यांत मंदावतो : मोठा पंप घ्यावा का?

प्रवाळप्रेमी, इंदिरानगर, नाशिक

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे साधारण २५० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी असून तिच्यात मऊ प्रवाळ, काही एलपीएस (मोठ्या पॉलिपचे दगडी) प्रवाळ आणि क्लाउनफिशची एक जोडी आहे. टाकीखालच्या संपमध्ये, म्हणजे पाणी गाळण्याच्या दुय्यम टाकीत, पाण्यातले फॉस्फेट काढणारा, खालून वर प्रवाह जाणारा रिअ‍ॅक्टर बसवलेला आहे. त्याच्या नळकांड्याचा आतील व्यास सुमारे ९ सेंटिमीटर आहे आणि त्यात २०० ग्रॅम जीएफओ, म्हणजे ग्रॅन्युलर फेरिक ऑक्साइडचे फॉस्फेट धरणारे दाणे, वापरतो. या दाण्यांच्या, म्हणजे मीडियाच्या, खाली आणि वर एकेक स्पंज आहे. रिअ‍ॅक्टरला पाणी देणाऱ्या स्वतंत्र बुडीत पंपावर ताशी १२०० लिटर आणि कमाल उंची १.६ मीटर असे छापलेले आहे. पंप आणि रिअ‍ॅक्टर यांच्यामध्ये एक बॉल व्हॉल्व्ह आहे.

नवा मीडिया भरल्यावर मी व्हॉल्व्ह असा लावतो की बाहेर पडणाऱ्या नळीतून एक लिटर पाणी यायला ३० सेकंद लागावेत, म्हणजे ताशी १२० लिटर. त्या वेळी मीडियाचा वरचा थर अगदी हलकासा हलत असतो. परंतु दोनेक आठवड्यांत तेच एक लिटर भरायला दीड मिनिट लागते, मीडिया एकजीव होऊन बसतो आणि त्याच्या एका बाजूने भेग पडून पाणी तेवढ्याच वाटेने वर येताना दिसते. फॉस्फेट ०.०५ वरून ०.१५ पीपीएमपर्यंत चढते. मीडिया काढून धुतला, गाठी फोडल्या की काही दिवस बरे चालते आणि पुन्हा तोच प्रकार सुरू होतो. वीज जाऊन आली की कधीकधी मीडियाचा अख्खा थर दट्ट्यासारखा वर उचलला जातो आणि वरच्या स्पंजला जाऊन चिकटतो.

दुकानदाराने ताशी २५०० लिटरचा पंप सुचवला आहे. मोठ्या पंपाची उष्णता एप्रिल-मे महिन्यांत टाकीला नकोशी होईल, ही माझी मुख्य काळजी आहे. तरीही तोच उपाय असेल तर मी घ्यायला तयार आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. आणखी एक माहिती देतो : बाष्पीभवनाने कमी झालेल्या पाण्याची भर मी चुन्याच्या निवळीने घालतो आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) साधारण १०.५ डीकेएच (तिचे एकक) असते.

निळेपाणी, गंगापूर रोड

नमस्कार. पंप घेण्याची घाई करू नये, असे मला अगदी आग्रहाने सांगावेसे वाटते. आपल्याला ताशी १२० लिटर हवे आहेत आणि पंप १२०० लिटरचा आहे. याचा अर्थ आपण त्याची बहुतांश ताकद व्हॉल्व्ह मिटवून मुद्दाम अडवून ठेवलेली आहे. पंपावर छापलेला आकडा शून्य उंचीवरचा असतो आणि कमाल उंचीवर प्रवाह शून्य होतो, हे खरे. पण संपच्या संपमध्येच पाणी ३०-४० सेंटिमीटर चढवायचे असेल तर १.६ मीटरचा पंप पुरून उरतो. पाणी कमी येत आहे ते पंप लहान असल्यामुळे नव्हे, तर वाटेत कुठेतरी अडथळा वाढत असल्यामुळे. तो अडथळा तसाच ठेवून मोठा पंप लावला तर एक तर रिअ‍ॅक्टरच्या झाकणाच्या ओ-रिंगमधून पाणी पाझरू लागेल, किंवा भेग रुंद होऊन मीडियाचे कण एकमेकांवर घासले जातील आणि टाकीत तपकिरी धूळ येईल.

अडथळा नेमका कुठे आहे हे अंदाजाने ठरवू नये, मोजून ठरवावे. त्यासाठी दहा लिटरची बादली आणि मोबाइलमधले घड्याळ एवढेच लागते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून आधी फक्त पंप आणि त्याची नळी जोडा, नळीचे तोंड रिअ‍ॅक्टरच्या झाकणाइतक्या उंचीवर धरा आणि बादली किती सेकंदांत भरते ते लिहून ठेवा. मग रिकामा रिअ‍ॅक्टर जोडा, त्यात मीडियाही नको आणि स्पंजही नको. त्यानंतर सध्या वापरात असलेले स्पंज न धुता तसेच घाला आणि पुन्हा मोजा. मीडिया सर्वांत शेवटी. ज्या पायरीवर वेळ एकदम वाढेल तिथे दोष आहे. प्रत्येक मोजणीनंतर बादलीतले पाणी संपमध्ये परत ओतावे, कारण संपची पातळी खाली गेली की पंपाला तेवढे अधिक चढवावे लागते आणि दोन मोजण्यांची तुलना बिघडते.

वीजदाब कमी-जास्त होण्याचा संशय काहींना येईल, म्हणून आधीच सांगतो. आपण वापरतो त्या साध्या एसी बुडीत पंपांचा चुंबकी रोटर विजेच्या वारंवारतेवर फिरतो, म्हणजे ५० हर्ट्झला ठरलेल्याच वेगाने. दाब फार उतरला तर तो थरथरतो किंवा सुरूच होत नाही, पण दोन आठवड्यांत हळूहळू मंदावत जाणे हे वीजदाबाचे लक्षण नाही.

आता व्हॉल्व्हविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचे लक्ष तिकडे जात नाही. बॉल व्हॉल्व्ह जवळजवळ बंद करून प्रवाह कमी केला की आतल्या गोळ्याच्या कडेला एक बारीक फट उरते आणि सगळे पाणी त्या फटीतून जाते. शेवाळाचा एखादा तंतू, अन्नाचा कण किंवा गोगलगाईचे लहानसे पिल्लू तिथे अडकले की प्रवाह निम्म्यावर येतो आणि मीडियाकडे पाहून काहीच कळत नाही. प्रवाह कमी दिसला की रिअ‍ॅक्टर उघडण्याआधी मीडिया फार उसळणार नाही एवढ्या बेताने व्हॉल्व्ह क्षणभर उघडावा आणि पूर्वीच्या जागी आणावा. पाणी पूर्ववत आले तर दोष फटीतच होता. बारीक प्रवाहासाठी गेट व्हॉल्व्ह बरा, कारण त्यात थोडे थोडे कमी-जास्त करता येते. व्हॉल्व्ह पंपाच्या शोषणाच्या बाजूला मात्र कधीही नसावा. आपला तो रिअ‍ॅक्टरच्या आधी आहे, हे उत्तम आहे. तो रिअ‍ॅक्टरनंतर असता तर पंपाचा जवळपास पूर्ण दाब नळकांड्यावर राहिला असता.

ठिबकमित्र, पिंपळगाव बसवंत

रामराम. मी द्राक्षबागांच्या ठिबकची कामे करतो आणि घरी छोटी रीफ टाकीही आहे, म्हणून या प्रश्नात लक्ष घालावेसे वाटले. बागेत फिल्टर चोंदला आहे की नाही हे आम्ही पाण्याकडे पाहून ठरवत नाही. फिल्टरच्या आधी आणि नंतर दाब मोजतो आणि दोन्हींतला फरक वाढला की फिल्टर धुतो. रिअ‍ॅक्टरलाही हाच नियम लागू करता येतो. फक्त बागेतले प्रेशर गेज इथे निरुपयोगी आहे, कारण दहा मीटर पाण्याचा दाब म्हणजे साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला), या हिशेबाने आपला १.६ मीटरचा पंप जास्तीत जास्त ०.१६ किलो दाब देणार आणि गेजचा काटा जागचा हलणारही नाही. शिवाय त्या गेजमध्ये पितळ असते आणि खाऱ्या पाण्यात पितळेतून सुटणारे तांबे प्रवाळ व कोळंबी दोघांनाही घातक ठरते.

त्याऐवजी गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी घ्यावी. व्हॉल्व्ह आणि रिअ‍ॅक्टर यांच्यामध्ये प्लास्टिकचा एक टी (तीन तोंडांची जोडणी) बसवून त्यातून ही नळी सरळ उभी भिंतीला बांधावी आणि तिचे वरचे तोंड उघडे ठेवावे. रिअ‍ॅक्टरच्या बाहेर पडणाऱ्या नळीवरही असाच टी आणि अशीच दुसरी नळी लावावी. दोन्ही नळ्यांत पाणी जितके सेंटिमीटर चढेल तितका त्या जागी दाब आहे आणि दोन्हींतला फरक म्हणजे रिअ‍ॅक्टरने खाल्लेला दाब. नळीचे वरचे तोंड पंपापासून दोन मीटर उंच असावे, म्हणजे रिअ‍ॅक्टर पूर्ण चोंदला तरी पाणी वरून सांडणार नाही, कारण हा पंप १.६ मीटरच्या वर पाणी चढवूच शकत नाही.

या नळ्यांतून एक फार उपयोगाची गोष्ट समजते. दाणेदार मीडिया पाण्याने उचलला जाऊन हलू लागला की त्याच्यामुळे पडणारी दाबाची घट त्यापुढे जवळजवळ वाढत नाही. ती मीडियाच्या पाण्यातल्या वजनाएवढीच राहते. आपल्या २०० ग्रॅमच्या पातळ थरासाठी ती अवघी काही सेंटिमीटर असेल. तेव्हा फरक त्याहून बराच जास्त दिसू लागला, तर मीडिया दगडासारखा जमला आहे किंवा स्पंज चोंदला आहे, असे समजावे. उलट फरक कमी आणि प्रवाहही कमी असेल तर दोष रिअ‍ॅक्टरच्या आधी आहे, म्हणजे पंपात, त्याच्या जाळीत किंवा व्हॉल्व्हमध्ये.

टी, जोडण्या आणि १६ मिलिमीटरची लॅटरल नळी ठिबकच्या कोणत्याही दुकानात मिळते. नळी बारीक घेण्याचा मोह टाळावा. प्रवाह तेवढाच ठेवून नळीचा आतील व्यास निम्मा केला तर घर्षणाने जाणारा दाब किमान सोळा पट होतो.

प्रवाळप्रेमी, इंदिरानगर, नाशिक

दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी दहा लिटरच्या बादलीने सगळ्या पायऱ्या मोजल्या. व्हॉल्व्ह शेवटपर्यंत पूर्ण उघडा होता.

फक्त पंप आणि नळी : ६५ सेकंद. रिकामा रिअ‍ॅक्टर जोडल्यावर : ९० सेकंद. वापरातले दोन्ही स्पंज घातल्यावर : जवळजवळ ४ मिनिटे. वरचा स्पंज काढून फक्त खालचा ठेवला तेव्हा १०० सेकंद लागले, म्हणजे मुख्य अडथळा वरच्या स्पंजचा आहे. तो हातात पिळला तर गंजाच्या रंगाचे गाळयुक्त पाणी निघाले. दोन्ही स्पंज नवे घातल्यावर हाच वेळ १०५ सेकंदांवर आला.

पंपही उघडून पाहिला. इम्पेलरवर (पंपाच्या फिरत्या पात्यांवर) आणि त्याच्या खोबणीत पांढरे, कडक कवच बसले आहे. मीडियाच्या गाठी फोडतानाही आतून पांढरट पूड दिसली. हे नेमके काय आहे? दर वेळी मीडिया भरण्यापूर्वी मी तो धुतोच, मग वरच्या स्पंजमध्ये एवढी धूळ कुठून आली? लेव्हलच्या नळ्या या रविवारी बसवणार आहे.

क्षारमापन, कॉलेज रोड

आपल्या मोजणीत दोन वेगवेगळे दोष स्पष्ट दिसतात आणि ते वेगळे ठेवूनच पाहावेत, असे मला वाटते. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून आधी पांढऱ्या कवचाबद्दल लिहिते.

ते कॅल्शियम कार्बोनेट आहे. चुन्याची संपृक्त निवळी सुमारे १२.४ पीएचची असते, तर टाकीचे पाणी ८.१ ते ८.४ च्या आसपास. निवळीचा थेंब पाण्यात नीट मिसळण्यापूर्वी त्याच्याभोवती पीएच फार चढतो, पाण्यातल्या बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते आणि ते कॅल्शियमबरोबर तत्काळ खाली बसते. निवळी जोरदार प्रवाहात पडली तर हे घडायला वाव मिळत नाही. परंतु निवळीची नळी रिअ‍ॅक्टरच्या पंपाच्या तोंडाजवळ सोडलेली असेल, तर हेच पाणी आधी इम्पेलरवर आणि मग थेट मीडियावर जाते. जीएफओचा खडबडीत पृष्ठभाग कॅल्शियम कार्बोनेटला जमायला सोयीचा असतो आणि एकदा सुरुवात झाली की दाणे एकमेकांना सिमेंटने जोडल्यासारखे घट्ट होतात. १०.५ डीकेएच ही अल्कलिनिटी स्वतःहून घातक नाही, पण अशा वेळी ती या क्रियेला बळ देते. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात बाष्पीभवन वाढते, त्यामुळे भर घालायची निवळीही वाढते. म्हणून हा त्रास मार्चनंतर अधिक जाणवला असेल तर त्यात नवल नाही. कृपया निवळी नेमकी कोणत्या कप्प्यात पडते ते पाहून सांगावे.

पंप स्वच्छ करण्यासाठी व्हिनेगर चालते, किंवा किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, कोमट पाण्यात विरघळवून घ्यावे. पंप त्यात अर्धा-एक तास बुडवून ठेवावा, बुडबुडे थांबले की इम्पेलर काढून मऊ ब्रशने घासावा आणि सगळे भाग साध्या पाण्याने भरपूर धुवावेत. ठिबकच्या नळ्यांतले क्षार काढायला काही ठिकाणी फॉस्फोरिक आम्ल वापरतात. ते इथे अजिबात वापरू नये, कारण जे फॉस्फेट काढण्यासाठी हा सारा खटाटोप आहे, तेच आपण हाताने आत सोडू. जीएफओ मात्र आम्लात धुऊन पुन्हा वापरण्याच्या भरीस पडू नये. जमलेला मीडिया टाकून द्यावा.

वरच्या स्पंजमधली धूळ हा दुसरा दोष. जीएफओचे दाणे ठिसूळ असतात. पुडीतही भुकटी असते आणि गाठी हाताने फोडताना तर तिची नव्याने भर पडते. बादलीत चाळणीने धुणे पुरेसे होत नाही. मीडिया रिअ‍ॅक्टरमध्ये भरून, वरचा स्पंज न घालता, प्रवाह नेहमीपेक्षा किंचित अधिक ठेवून आरओचे किंवा टाकीतून पाणी बदलताना काढलेले पाणी त्यातून सोडावे आणि बाहेर येणारे पाणी बादलीत घ्यावे. ते चहासारखे तपकिरी येते. स्वच्छ होईपर्यंत चालू ठेवावे आणि मगच वरचा स्पंज बसवून नळी संपमध्ये सोडावी. वरचा स्पंज भरड छिद्रांचा घ्यावा. बारीक छिद्रांचा स्पंज धूळ अडवतो हे खरे, पण ती अडवता अडवता स्वतःच बुजतो.

निळेपाणी, गंगापूर रोड

ताईंच्या म्हणण्याशी पूर्ण सहमत आहे. मीडियाचा थर दट्ट्यासारखा उचलला जातो त्याबद्दल थोडे राहिले होते. वीज गेली की रिअ‍ॅक्टरमधले पाणी पंपातून उलटे संपमध्ये उतरते, दाणे खाली दाबले जातात आणि बाहेरच्या नळीचे तोंड पाण्याबाहेर असेल तर वर हवा भरते. वीज परतल्यावर घट्ट बसलेला थर सुटा होण्याआधीच त्याच्याखाली दाब तयार होतो आणि तो अखंड वर जातो. उपाय असा की पंपानंतर एक न-परतीचा व्हॉल्व्ह बसवावा, प्लास्टिकचा आणि सहज उघडून साफ करता येईल असा, कारण त्याच्या पडद्यावरही चुना जमतो. तरीही थर उचलला गेलाच तर प्रवाह थांबवून नळकांड्याला बाजूने हलकेच टिचक्या माराव्यात, दाणे खाली येतात. मग व्हॉल्व्ह सावकाश उघडावा.

वीज काही तास गेली असेल तर रिअ‍ॅक्टरमधले साचलेले पाणी टाकीत जाऊ देऊ नये, पहिले एक-दोन लिटर बादलीत काढून ओतून द्यावे. जीएफओच्या बाबतीत ही खबरदारी एवढ्यापुरतीच आहे, पण कोणी बायोपेलेट (जिवाणूंना अन्न पुरवणाऱ्या प्लास्टिकसारख्या गोळ्या) वापरत असेल तर ती अत्यावश्यक समजावी, कारण त्यांच्यावरचे जिवाणू अडकलेल्या पाण्यातला प्राणवायू लवकर संपवतात आणि पुढे सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ शकतो. इन्व्हर्टरवर एकच पंप चालणार असेल तर मी रिटर्न पंप (संपमधले पाणी टाकीत परत पाठवणारा) निवडेन. मात्र ज्यांच्याकडे बायोपेलेट आहेत त्यांनी त्याचा लहान पंपही जोडावा.

प्रवाळप्रेमी, इंदिरानगर, नाशिक

ताई, आपण म्हणता तसेच आहे. निवळीची नळी मधल्याच कप्प्यात, रिअ‍ॅक्टरच्या पंपापासून वीतभर अंतरावर पडत होती. ती आता रिटर्न पंपाच्या कप्प्यात हलवली आहे. पंप लिंबूसत्त्वाने साफ केल्यावर फक्त पंप आणि नळी यांचा वेळ ६५ वरून ४८ सेकंदांवर आला. भरड छिद्रांचा स्पंज आणला आहे आणि नवा जीएफओ आपण सांगितलेल्या पद्धतीने धुणार आहे. मोठ्या पंपाचा विचार सोडला.

एकच विचारायचे राहिले. सध्या फॉस्फेट ०.१५ आहे. नवे २०० ग्रॅम एकदम भरून प्रवाहही १२० लिटर ठेवू, की हळूहळू वाढवू?

क्षारमापन, कॉलेज रोड

एकदम भरू नये. ताजा, नीट धुतलेला आणि सर्व दाण्यांना सारखे पाणी मिळणारा जीएफओ पहिल्या काही दिवसांतच फॉस्फेट झपाट्याने खाली आणतो. आपले प्रवाळ ०.१५ ला सरावलेले आहेत, त्यामुळे अचानक घट झाल्यास एलपीएस प्रवाळ आक्रसतात आणि काही वेळा त्यांची ऊतीही मागे सरते. प्रथम १०० ग्रॅम भरावा. प्रवाह लिटर-सेकंदांवर न ठरवता दाण्यांकडे पाहून ठरवावा : फक्त वरचा पृष्ठभाग मंद हलावा, दाणे नळकांड्यात गिरक्या घेत वर जाऊ नयेत. पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा फॉस्फेट तपासावे आणि ते ०.०५ च्या आसपास स्थिरावले तर उरलेले १०० ग्रॅम भरण्याची गरजच नाही.

भर घालायचे पाणी आरओनंतर डीआयमधूनही (उरलेले क्षार काढणाऱ्या रेझिनमधूनही) जाते ना, तेवढे एकदा पाहून घ्यावे. आपल्याकडच्या बेसॉल्टच्या खडकातून आलेल्या बोअरच्या पाण्यात सिलिका बऱ्यापैकी असते आणि जीएफओ फॉस्फेटबरोबर सिलिकेटही धरतो, त्यामुळे प्रवाह उत्तम असूनही मीडिया लवकर संपल्यासारखा वाटू शकतो.

ठिबकमित्र, पिंपळगाव बसवंत

लेव्हलच्या नळ्या बसवाल तेव्हा नव्या स्पंजसह आणि १०० ग्रॅम मीडियासह दिसणारा फरक नळीवर मार्करने खूण करून ठेवावा. त्या दिवशीचा एक लिटरचा वेळही शेजारी चिकटवलेल्या कागदावर लिहावा. पुढे फरक त्या खुणेच्या दुप्पट झाला की आधी वरचा स्पंज धुवावा, मीडियाला हात लावू नये. नळीच्या उघड्या तोंडावर जाळीचा तुकडा बांधावा, नाहीतर धूळ आणि किडे आत पडतात.